नऊ कॅसेटी आणि दोषांचा रकाना

महिपत धोंडू शिगवण हे गृहस्थ रत्नागिरीतील एका सरकारी कचेरीत अभिलेखपाल होते. त्या पदावर चोवीस वर्षे काढल्यामुळे, कोणतीही वस्तू बस्त्यात बांधून, तिच्यावर क्रमांक टाकून फळीवर ठेवल्याशिवाय ती खऱ्या अर्थाने अस्तित्वात येत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती. घरातील हळदीच्या डब्यावर ‘हळद’ आणि मिठाच्या डब्यावर ‘मीठ’ अशा चिठ्ठ्या त्यांनी स्वहस्ते डकवल्या होत्या. त्यांच्या पत्नी तुळसाबाई त्यापूर्वी हळद रंगावरून आणि मीठ चवीवरून ओळखत असत. ही अशास्त्रीय पद्धत महिपतरावांनी बंद पाडली.

अशा या घरात १९८५ च्या गणपतीत तुळसाबाईंच्या मुंबईकर भावाने एक टेपरेकॉर्डर आणून ठेवला, आणि सोबत दर्यानंद यांची एक कॅसेट.

दर्यानंद हे त्या काळातील मोठे प्रस्थ. मूळ नाव भिकाजी, मूळ गाव बाणकोटच्या खाडीकडचे. परंतु भिकाजी या नावाला पांढरे बूट शोभत नाहीत, हे वेळीच ध्यानात आल्यामुळे ते मुंबईत जाऊन दर्यानंद झाले होते. समुद्राशी त्यांचा संबंध इतकाच, की प्रत्येक कॅसेटच्या वेष्टनावर ते वाळूत मोटारसायकल उभी करून, काळा चष्मा लावून, भरतीची वाट पाहत असत. कोकणातल्या वाडीवाडीतून त्यांची गाणी वाजत. रिक्षा, सलून, लग्नाचे मांडव यांपैकी दर्यानंदांवाचून काहीही चालेनासे झाले होते.

तुळसाबाई ती कॅसेट दिवसातून दोनदा लावू लागल्या. भाकऱ्या थापताना त्या स्वतःही गुणगुणत. मात्र प्रत्येक ओळ अर्धीच म्हणत आणि गप्प बसत.

“अगं, म्हणायचं तर पुरतं म्हण,” महिपतराव वर्तमानपत्राआडून म्हणत. “अर्धवट काम मला खपत नाही.”

“उरलेलं कॅसेटवाली म्हंते की,” तुळसाबाई उत्तर देत.

तक्रारीला खरे तोंड फुटले ते निराळ्याच कारणाने. एका रविवारी महिपतरावांनी वेष्टन चष्म्याजवळ धरून वाचले. ‘सुरमई शौकीन. दर्यानंद यांची सहावी धमाल भेट.’

“सहावी?” ते म्हणाले. “आणि पहिल्या पाच?”

“त्या भावानं नाय आणल्या.”

“म्हणजे पहिल्या पाच न ऐकता तू थेट सहावी ऐकतेस? महिनाभर?”

“गाणं हाय वो ते. काय सातबारा हाय, की आधीचा फेरफार बघायला पायजे?”

वास्तविक महिपतरावांना दर्यानंद मुळीच आवडत नसत. परंतु न आवडणाऱ्या वस्तूचीही आवड असल्याप्रमाणे निगा राखणे हेच तर अभिलेखपालाचे काम. त्यांनी तत्काळ तीन निर्णय घेतले. पहिला असा, की दर्यानंद यांच्या सर्व कॅसेटी प्रकाशनाच्या क्रमाने, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक याप्रमाणे ऐकल्या जातील. दुसरा असा, की त्यांची नोंदवही ठेवली जाईल. आणि तिसरा असा, की सहावी कॅसेट तिची पाळी येईपर्यंत कपाटात कुलूपबंद राहील.

तुळसाबाईंनी पहिल्या दोन निर्णयांवर काही म्हटले नाही. तिसऱ्याच्या वेळी त्यांचा चेहरा असा झाला, की जणू घरातले माणूसच कपाटात कोंडले जात होते. महिपतरावांच्या ते लक्षात आले नाही. चेहऱ्यांसाठी वहीत रकाना आखलेला नव्हता.

बाकी रकाने मात्र चोख होते: अनुक्रमांक, कॅसेटचे नाव, वर्ष, बाजू, गाण्यांची संख्या, कालावधी आणि शेवटचा, सर्वांत रुंद, ‘दोष’.

एस.टी. स्टँडजवळ केरू नावाच्या तरुणाचे कॅसेटींचे दुकान होते. पन्नाशी उलटलेले, टोपी आणि छत्रीसह आलेले गिऱ्हाईक ‘दर्यानंद, क्रमांक एक’ मागते आहे, हे ऐकून तो स्टुलावरून उठून उभा राहिला.

“काका, जुनी कशाला? नवीन घ्या ना, टॉप आहे.”

“इमारतीचा वरचा मजला आधी बांधतात का?” महिपतरावांनी विचारले. केरूने माळ्यावर चढून धूळ खात पडलेली पहिली कॅसेट काढून दिली आणि पुढचे आठ महिने तो हे कोडे आपल्या मित्रांना सांगत राहिला.

पहिली, ‘खाडीपलीकडची राणी’, हिच्यात दर्यानंदांचा आवाज सर्दी झालेल्या पण सुस्वभावी माणसाचा होता. दुसरी, ‘खाडीपलीकडची राणी, भाग दोन’, हिच्यावरून असे दिसले की राणी अद्याप पलीकडेच होती आणि होडीची काही सोय झालेली नव्हती. तिसऱ्या कॅसेटीत मात्र दर्यानंद स्वतःच बदलले. ‘डिस्को होडी’ असे तिचे नाव. होडीत ढोलकी होती, झांज होती, विजेवर चालणारे एक वाद्य होते, आणि ‘सहगायन: मंडळी’ असा वेष्टनावर उल्लेख असलेल्या चार-पाच बायका होत्या. दर्यानंद ओळ म्हणत आणि मंडळी ती उचलत.

येथे महिपतरावांच्या पेन्सिलीला पहिले खरे काम मिळाले. मंडळींतील एक बाई इतरांबरोबर सुरू करीतच नव्हती. बाकीच्या सुरात शिरल्या की अर्धा श्वास जाऊ देऊन ही मागून येई, आणि इतर थांबल्या तरी हिचे शेवटचे अक्षर लांबत राही. त्यांनी टेप मागे घेतला, पुन्हा ऐकला आणि लिहिले: ‘सहगायिकांपैकी एक स्त्री उशिरा येते. तीन वेळा.’

“ऐकलंस? ही बाई झोपेत गाते,” ते म्हणाले.

तुळसाबाई उंबऱ्यात पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “परत लावा बघू तेवढं.”

दोषाचे निरीक्षण करण्याची वृत्ती पत्नीत उशिरा का होईना उपजली, याचा महिपतरावांना आनंद झाला. त्यांनी ते चार वेळा लावले.

चौथी कॅसेट ‘भक्तीची भरती’. वेष्टनावर दर्यानंदांनी चष्मा कपाळावर सरकवला होता; देवासाठी इतकी तडजोड त्यांनी केली होती. तिच्यात ती उशिरा येणारी बाई नव्हती. महिपतरावांनी ‘सुधारणा दिसते’ असे लिहिले. तुळसाबाईंनी एक बाजू संपताच विचारले, “त्या सगळ्या बायका हायत ना हिच्यात?” आणि मग डोके दुखते म्हणून त्या उठून गेल्या.

पाचव्या ‘गॉगलवाली’त ती बाई परत आली, पाच वेळा उशिरा. सहाव्या ‘सुरमई शौकीन’ची पाळी मार्च महिन्यात आली. कपाट उघडले तेव्हा तुळसाबाई हात पुसून आधीच येऊन बसल्या होत्या. सहा वेळा उशिरा. सातव्या ‘बॉम्बे ते बाणकोट’मध्ये, इतक्या लांबच्या प्रवासात, फक्त तीन वेळा.

एकूण सतरा. सतरा हा आकडा महिपतरावांना स्वस्थ बसू देईना. इतकी वर्षे एक बाई राजरोस उशिरा येते आणि कोणी तिला टोकत नाही, म्हणजे त्या संस्थेत हजेरीपत्रक तरी आहे की नाही? त्यांनी ‘स्वरनौका कॅसेट्स, मुंबई’ यांना फुलस्केप कागदावर तीन पृष्ठांचे पत्र लिहिले. प्रत्येक दोषाची कॅसेट, बाजू, गाणे आणि मिनिट दिले, चौथ्या कॅसेटीत ‘सुधारणा दिसते’ हेही नमूद केले, आणि शेवटी ‘सदर सहगायिकेबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी’ अशी विनंती केली. पंधरा दिवसांनी छापील कार्ड आले: ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.’ चोवीस वर्षे इतरांना अशी कार्डे पाठवणाऱ्या महिपतरावांनी या एका कार्डावर मात्र अक्षरशः विश्वास ठेवला.

आठवी, ‘दर्यानंदचे दर्द’. दुःख एकट्यानेच भोगायचे असल्यामुळे तीत सहगायन नव्हते. नववी, ‘पुन्हा खाडीपलीकडे’, ही मे महिन्याच्या अखेरीस बाजारात आली आणि जूनच्या पहिल्या रविवारी दुपारी महिपतरावांनी ती समारंभपूर्वक यंत्रात बसवली. मंडळी होती. झांज होती. ढोलकीच्या जागी टकटक करणारे एखादे यंत्र असावे. बायका एकदम सुरू होत होत्या आणि एकदम थांबत होत्या. दुसरी बाजू संपेपर्यंत त्यांनी पेन्सिल उचलली नाही. मग दोषांच्या रकान्यात ठळक अक्षरांत ‘निरंक’ असे लिहिले.

“बघितलंस?” ते म्हणाले. त्यांचा आवाज आनंदाने थोडा वर गेला होता. “एका माणसाच्या पत्राने काय होतं ते बघ. काढली त्या बाईला.”

तुळसाबाईंच्या हातातला तांब्या खाली ठेवला गेला.

“कसलं पत्र?”

त्यांनी पत्राची जपून ठेवलेली स्थळप्रत काढून वाचून दाखवली. तारखेपासून सहीपर्यंत, मिनिटांसकट. तुळसाबाईंनी ओले हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, “कोणाला काढलीत ते ठाव हाय?”

“नाव वेष्टनावर नाही. ‘मंडळी’ एवढंच आहे.”

“चिमावन्संना काढलीत तुम्ही.”

हे नाव त्या घरात अकरा वर्षे कोणी उच्चारले नव्हते. चिमा ही महिपतरावांची धाकटी बहीण. १९७५ साली भाताची लावणी उरकल्यावर, मंडणगडच्या डोंगरातल्या त्यांच्या गावातून, नमनाच्या खेळात ढोलकी वाजवणाऱ्या बाबाजी नावाच्या परजातीच्या तरुणाबरोबर ती मुंबईस निघून गेली होती. आईवडील आधीच वारलेले. घरातला कर्ता पुरुष महिपत. बहिणीने जात सोडली याचा त्यांना संताप होता, आणि विचारले नाही याचा त्याहून अधिक. साधा चार ओळींचा अर्ज दिला असता, तर तो नामंजूर करण्याचे समाधान तरी त्यांना लाभले असते. पुढच्याच आठवड्यात त्यांनी शिधापत्रिकेवरून तिचे नाव कमी करून घेतले. कारणाच्या जागी ‘स्थलांतर’ असा सौम्य शब्द स्वतः सुचवला, आणि त्या सौम्यपणाचा त्यांना अकरा वर्षे अभिमान होता.

“काहीतरीच,” ते म्हणाले. “वेष्टनावर नाव नाही, फोटो नाही. पुरावा काय?”

“पुरावा!” तुळसाबाई म्हणाल्या. “सतरा वेळा लिवलात की वहीत. आपल्या गावात लावणीला बायका कशा म्हंतात, ते इसरलात? भाताच्या वरच्या कुणग्यातल्या ओळ टाकतात आणि खालच्या कुणग्यातल्या उचलतात. मध्ये बांध, पाऊस. खाली आवाज पोचेपर्यंत अर्धा श्वास जातो. मग खालच्या सगळ्या उशिरा. तसंच म्हणायची सवय लागली सगळ्यांना, घरात जात्यावरसुद्धा. दुसऱ्या गावात हसतात आपल्याला. मी लग्न होऊन आले तवा वन्सं खाली असायच्या आणि मी वर. पहिल्या दिवशीच ओळखला मी आवाज.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“नाव घ्यायचं नाय म्हणून तुम्हीच सांगितलंवतं. नाव नाय घेतलं. वरची ओळ म्हटली, खालची त्यांनी म्हटली. महिनाभर आम्ही दोघी सैपाक करत होतो. मग तुम्ही त्यांना कपाटात घातलं.”

दर्यानंदांच्या नऊ कॅसेटी इतक्या ओरडून गेल्या, पण महिपतरावांना हे एक वाक्य जितके ऐकू आले तितके काहीच कधी ऐकू आले नव्हते. जन्माने ते त्याच गावचे. परंतु लावणीच्या दिवसांत ते तालुक्याच्या शाळेत क्रमाने पहिले येत असत. बहिणीचा आवाज त्यांनी नऊ महिने कान देऊन ऐकला होता, मिनिटासकट टिपला होता आणि प्रत्येक वेळी तो दोषांच्या रकान्यात ठेवला होता. एका माणसाचे नाव दोन वेळा कमी करण्याचा मान कचेरीतही सहसा कोणाला मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत वेळेवर गेले, वेळेवर परतले आणि जेवण होण्याआधी कागद घेऊन बसले. ‘विषय’ लिहून झाला. ‘संदर्भ: माझे दि. १४ एप्रिलचे पत्र’ हेही लिहून झाले. पुढे गाडी अडली. घेतलेली नोंद परत घेण्याचा नमुना सरकारने छापलेला नव्हता.

“उपरोक्त पत्रात नमूद केलेले सतरा दोष हे दोष नसून…” ते मोठ्याने म्हणाले आणि थांबले. “दोष नसून काय?”

“आमच्या गावात असंच म्हंतात, असं लिवा.”

“असं कसं लिहिणार?”

“मग ‘स्थलांतर’ लिवा,” तुळसाबाई म्हणाल्या, आणि भात वाढायला आत गेल्या.

त्यांनी ‘आमच्या गावात असेच म्हणतात’ असे लिहिले. त्याच्या खालचे वाक्य, ‘सदर बाई ही माझी सख्खी धाकटी बहीण असून तिला माझ्या पत्रामुळे कामावरून कमी केले असल्यास ती माझी चूक आहे’, हे पुढच्या रविवारपर्यंत पुरले. ‘चूक’ या शब्दाजागी त्यांनी क्रमाने ‘अनवधान’, ‘गैरसमज’ आणि ‘नजरचूक’ असे घालून पाहिले. प्रत्येक वेळी मसुदा तुळसाबाईंना वाचून दाखवला, आणि प्रत्येक वेळी त्या फक्त “हं” म्हणाल्या. चौथ्या वेळी ‘चूक’ आला तेव्हा त्यांनी विचारले, “तिकीट हाय घरात, का आणू?”

मग वाट पाहणे आले. जुलै गेला. छापील कार्डसुद्धा आले नाही. महिपतरावांनी वही उघडून ‘निरंक’ या शब्दाकडे अनेकदा पाहिले. केरूच्या दुकानात ते एकदा गेले आणि नव्या कॅसेटीत मंडळींत कोण कोण आहे याची चौकशी केली.

“काका, मंडळींची नावं कोण विचारतो?” केरू म्हणाला. “तुम्हाला आवडली का पण? नऊ झाल्या तुमच्या. सगळ्यात बेस्ट कुठली?”

महिपतराव छत्री उघडून पायरी उतरले. नऊ कॅसेटींचा एकूण कालावधी ते मिनिटासकट सांगू शकले असते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात टपालाने एक लहान पुडके आले. आत वेष्टन नसलेली, नाव नसलेली, कोरी दिसणारी कॅसेट. महिपतरावांचा हात सवयीने वहीकडे गेला: अनुक्रमांक दहा. कॅसेटचे नाव? वर्ष? त्यांनी वही मिटली.

आधी नुसती खरखर, मग एका लहान मुलीचे हसणे आणि “गप्प गं” असे कोणीतरी दटावलेले. मग तो आवाज.

“दादा, मी चिमा बोलत्ये. कंपनीतल्या क्लार्कनं मला तुमचं पहिलं पत्र दाखवलं. हसत होता. मी अक्षर बघितलं आणि ओळखलं. रेशनकार्डावरून माझं नाव काढून टाकायचा अर्ज होता ना, तेच अक्षर. घर सोडल्यावर मुंबईतल्या नव्या कार्डासाठी मलाच त्याची नक्कल काढायला लागली होती. दादा, सतरा वेळा मोजलात तुम्ही. इतकी वर्षं गायली, पण माझा आवाज कोणी मोजला नव्हता. यांनीसुद्धा नाही, आणि हे शेजारी बसून ढोलकी वाजवायचे.”

मागून पुरुषाचा खोकला ऐकू आला.

“तुमच्या पत्रानं मला काढली का, ते मला ठाऊक नाही. तुमचं पत्र आणि ठेका धरायचं मशीन एकाच आठवड्यात आलं. मशीनला उशिरा येणारी माणसं चालत नाहीत. यांचीही ढोलकी गेली. आता हे लग्नात वाजवतात, मी बालवाडीत जाते. चौथ्या कॅसेटीत मी नव्हते ते तुम्ही ‘सुधारणा’ म्हणून लिवलंत. तेव्हा पोरगी झाली. आईचं नाव ठेवलंय, जनी.”

तुळसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. महिपतराव टेपरेकॉर्डरकडे असे पाहत होते, की जणू तो उत्तराची वाट पाहत उभा होता.

“तुमचं दुसरं पत्रही वाचलं. ‘चूक’ लिहायला किती दिवस लागले ते वहिनीला विचारीन. आता दादा, माझा अर्ज. तेव्हा नाही दिला, आता देते. गणपतीला घरी येऊ का? आम्ही तिघं. एकटी येणार नाही. नाही म्हणायचं असेल तर लिहू नका, मी समजेन. आता थोडं गाणं आहे. वहिनी, तुझी ओळ तू म्हण. दादा, तुम्ही म्हणू नका, तुम्ही वेळेवर म्हणाल.”

त्यानंतर टेपवर काहीच नव्हते. शांतता. महिपतराव पुढे वाकून बटणाकडे हात नेणार, तोच तुळसाबाईंनी तो हात धरला आणि त्या शांततेत वरची ओळ म्हटली. ती संपली. अर्धा श्वास गेला. मग कॅसेटीतून खालची ओळ आली, आणि तिचे शेवटचे अक्षर लांबत राहिले. पुन्हा शांतता, पुन्हा तुळसाबाई. बारा ओळी झाल्या. महिपतराव मुकाट्याने बसले होते. त्यांना गाण्याची मनाई झालेली होती, आणि चोवीस वर्षांच्या नोकरीत इतक्या काटेकोरपणे त्यांनी कोणताही आदेश पाळला नव्हता.

टेप थांबल्यावर त्यांनी पोस्टकार्ड घेतले आणि पुडक्यावरचा पत्ता लिहिला. मजकुराच्या जागी सवयीने ‘मंजूर’ असे लिहिले.

“काय लिवलंत?” तुळसाबाईंनी विचारले.

त्यांनी पेन पुन्हा टेकवले. शब्दावर एक आडवी रेघ ओढली. हे कार्ड टाकून दुसरे घ्यावे असे त्यांना वाटले. पण घरात दुसरे नव्हते. रेघेखाली त्यांनी लिहिले: ‘तिघेही या. दादा.’

तुळसाबाईंनी कार्ड त्यांच्या हातून काढून घेतले, छत्री उचलली आणि त्या पायऱ्या उतरल्या. त्या कोपऱ्यावरच्या पेटीपाशी पोहोचल्या असतील, तेव्हा महिपतराव खिडकीशी येऊन ओरडले, “अगं, थांब! तारीख राहिली! जावक क्रमांक राहिला!”

तुळसाबाईंनी मागे वळून पाहिले, कानावर हात ठेवून पावसात ऐकू येत नाही अशी खूण केली, आणि कार्ड पेटीत टाकले.